एक मूळ संख्या जास्त: ३,२१,५०,३१,७५१ चं प्रकरण

पार्श्वभूमी

गणिताची आवड असलेल्या काही जणांचा एक छोटा गट संख्यांचा कोश तयार करत होता. कोशात कोणतीही पूर्ण संख्या टाकली की तिची गणिती माहिती समोर यावी, अशी योजना होती. संख्या मूळ आहे की संयुक्त, तिचे मूळ अवयव कोणते, एकूण विभाजक किती, त्यांची बेरीज किती, तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे सगळं त्यात येणार होतं. संख्या मूळ असेल तर मूळ संख्यांच्या रांगेत तिचा क्रमांक कितवा आणि तिच्या आधीची व पुढची मूळ संख्या कोणती, हेही द्यायचं होतं.

पहिल्या टप्प्यात कोशाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ होती. ३२ बिटांतला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. दुसऱ्या टप्प्यात चिन्हाचा बिटही संख्येसाठी वापरायचं ठरलं आणि मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ वर, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताच्या एक अलीकडे गेली. तोवर मूळ प्रोग्रॅम लिहिणारी व्यक्ती गटातून बाहेर पडली होती आणि एका तरुण प्रोग्रॅमरने ते काम हाती घेतलं होतं. कोशाच्या संपादक शिकवण्याचं काम केलेल्या, आकड्यांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. माझ्याकडे तपासणी होती.

मूळ की संयुक्त हे ठरवायला प्रोग्रॅम आधी १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांनी भागून पाहायचा. त्यातून उरलेल्या संख्येवर २, ३, ५ आणि ७ हे चार आधार घेऊन मिलर-राबिन कसोटी लावायचा, म्हणजे ‘आधार’ म्हणून घेतलेल्या लहान संख्येचा मोठा घात काढून त्याला तपासायच्या संख्येने भागायचा आणि बाकीवरून निकाल द्यायचा. चारही आधारांवर संख्या उत्तीर्ण झाली की तिच्यावर ‘मूळ’ असा शिक्का बसे. या ओळीशेजारी मूळ प्रोग्रॅमरची टीप होती: ‘सध्याच्या मर्यादेसाठी चार आधार पुरेसे.’ टीप लिहिली तेव्हा ती शंभर टक्के खरी होती.

अडचण

दुसरा टप्पा जवळजवळ संपला असताना संपादकांनी नव्या मर्यादेतली सर्वांत मोठी मूळ संख्या उघडून पाहिली. ती ४,२९,४९,६७,२९१, म्हणजे २ चा ३२ वा घात वजा ५. कोश सांगत होता की रांगेत तिचा क्रमांक २०,३२,८०,२२२ आहे. २ च्या ३२ व्या घातापर्यंत २०,३२,८०,२२१ मूळ संख्या आहेत हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

वीस कोटींत एकाचा फरक. प्रोग्रॅमरचं पहिलं म्हणणं होतं, ‘मॅडम, छापील आकडाच चुकीचा असला तर?’ शंका अगदीच वावगी नव्हती. मायसेल या जर्मन गणितज्ञाने १८८५ मध्ये एक अब्जापर्यंतच्या मूळ संख्या ५,०८,४७,४७८ असल्याचं हाताने काढलं होतं. तो आकडा ५६ ने कमी आहे, खरा आकडा ५,०८,४७,५३४ आहे, हे लेमरने दाखवलं १९५९ मध्ये. सात दशकांहून अधिक काळ तो चुकीचा आकडा टिकला. पण २ च्या घातांपर्यंतचे आकडे संगणकाच्या काळात निरनिराळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा काढले गेले आहेत. म्हणून आम्ही चूक आमच्याकडे आहे असं धरून चालायचं ठरवलं.

फरक एवढाच म्हणून सोडून द्यावा, असं गटातल्या एकाने सुचवलं. तिथे संपादकांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. एखादी संयुक्त संख्या चुकून मूळ म्हणून घुसली असेल, तर तिच्या पुढच्या प्रत्येक मूळ संख्येचा क्रमांक एकाने सरकतो. चुकीची नोंद एकच असली तरी चुकीचे क्रमांक कोट्यवधी असू शकतात. सोडून देण्याचा विषय तिथेच संपला.

चूक कुठे शोधायची

पहिला संशय १ वर. जुन्या काळी १ ला मूळ संख्यांत मोजत असत, आज मोजत नाहीत. प्रोग्रॅमने ती मोजली असेल तर नेमका एकाचाच फरक पडेल. पण मग तो फरक पहिल्या टप्प्यातही दिसायला हवा होता. २ च्या ३१ व्या घातापर्यंत आमचा आकडा १०,५०,९७,५६५ येत होता आणि तो बरोबर होता. म्हणजे १ निर्दोष. चूक नव्याने जोडलेल्या भागात होती.

दुसरा संशय जास्त पटण्याजोगा होता आणि त्यात आमचा बराच वेळ गेला. मिलर-राबिन कसोटीत एका संख्येचे मोठमोठे घात काढत जायचं असतं आणि प्रत्येक पायरीला दिलेल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची असते. दोन बाक्यांचा गुणाकार केला की तो त्या संख्येच्या वर्गाइतका मोठा होऊ शकतो. चिन्हासहित ६४ बिटांच्या जागेत मावणाऱ्या गुणाकारासाठी तपासायची संख्या ३,०३,७०,००,४९९ च्या आत असावी लागते. त्यापुढे गुणाकार जागेत मावत नाही, वरचे अंक गळतात आणि बाकी भलतीच येते. पहिल्या टप्प्यात हा धोका नव्हता, दुसऱ्यात होता.

दरम्यान मी तीन अब्जांपर्यंतची मोजणी करून पाहिली. १४,४४,४९,५३७ हा आकडा तंतोतंत जुळला. चार अब्जांपर्यंत १८,९९,६१,८१२ यायला हवे होते, आमच्याकडे १८,९९,६१,८१३ आले. चूक तीन आणि चार अब्जांच्या मध्ये. गुणाकार जिथे मावेनासा होतो ती सीमाही तीन अब्जांच्या जरा पुढेच. प्रोग्रॅमरला वाटलं, चोर सापडला.

या टप्प्यावर मला वेगळं वाटत होतं. कारण फरकाच्या दिशेत होतं. गुणाकाराचे अंक गळले की त्याचा फटका खऱ्या मूळ संख्यांना बसतो. त्यांच्यासाठी कसोटीत जी ठरावीक बाकी यायला हवी ती येत नाही आणि त्या संयुक्त म्हणून बाहेर पडतात. ३,०३,७०,००,४९९ पासून आमच्या मर्यादेपर्यंत पाच कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. दोष गुणाकारात असता तर आकडा प्रचंड प्रमाणात कमी आला असता. आमचा आकडा एकाने जास्त होता. बिघडलेल्या गणितातून एखादी संयुक्त संख्या चारही आधारांवर योगायोगाने पार व्हावी आणि एकही खरी मूळ संख्या गळू नये, हे संभवत नाही.

तरीही गुणाकाराचा भाग नव्याने लिहिला गेला. तो मुळात चिन्हाविना ६४ बिटांत होता आणि बरोबरच होता. पुन्हा मोजलं, आकडा तोच आला: शेवटी २२२.

मग चाळणी लावायचं ठरलं. एराटोस्थेनिसची चाळणी कसोटीवर अवलंबून नसते. २ च्या पटी खोडा, ३ च्या पटी खोडा, असं करत वर्गमूळापर्यंत जायचं. २ च्या ३२ व्या घाताचं वर्गमूळ ६५,५३६, आणि त्याच्या आत मूळ संख्या फक्त ६,५४२. तीन ते चार अब्ज हा पट्टा तुकड्या-तुकड्यांनी चाळला आणि प्रत्येक तुकड्यातली यादी कसोटीच्या यादीशी ताडून पाहिली. एकाच संख्येवर मतभेद निघाला:

३,२१,५०,३१,७५१.

कसोटी म्हणत होती मूळ, चाळणी म्हणत होती संयुक्त. निवाडा करायला दोन्हींपैकी कोणावर विश्वास ठेवायची गरज नव्हती, कारण संख्या संयुक्त असेल तर तिचे अवयव हाच पुरावा. लहान मूळ संख्यांनी क्रमाने भागत गेलं तर छत्तिसावी मूळ संख्या १५१ हिने ती निःशेष भागली जाते. भागाकार २,१२,९१,६०१, आणि तो ७५१ गुणिले २८,३५१. पडताळा हातानेही करता येतो:

१५१ × ७५१ = १,१३,४०१
१,१३,४०१ × २८,३५१ = ३,२१,५०,३१,७५१

आमची सुरुवातीची गाळणी १०० वर थांबत होती. त्यापुढची अकरावी मूळ संख्या म्हणजे १५१.

ही संख्या कसोटीतून का सुटली

इथून पुढचा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. एक संख्या चुकली एवढं कळणं पुरेसं नव्हतं. तीच का चुकली हे कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करायची हे ठरवता आलं नसतं.

फेर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की प ही मूळ संख्या असेल आणि क ला प ने भाग जात नसेल, तर क चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी १ उरते. पण बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. काही संयुक्त संख्या अशा आहेत की त्यांच्याशी सहमूळ असलेला कोणताही आधार घ्या, बाकी १ च येते. त्यांना कार्मायकेल संख्या म्हणतात. सर्वांत लहान ५६१. ती ओळखण्याची अट कोर्सेल्टने १८९९ मध्ये दिली: संख्येत कोणताही मूळ अवयव दोनदा येऊ नये आणि प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर जे उरतं त्याने (संख्या − १) ला पूर्ण भाग जावा.

आमच्या संख्येसाठी ही अट तपासा. ३,२१,५०,३१,७५० ला १५० ने भाग जातो, ७५० ने जातो, २८,३५० नेही जातो. म्हणजे ही कार्मायकेल संख्या आहे. फेर्माची साधी कसोटी हिच्यापुढे हतबल.

मिलर-राबिन कसोटी याहून कडक असते. ती (संख्या − १) ला २ ने शक्य तितक्या वेळा भागते आणि मधल्या पायऱ्यांवरच्या बाक्या पाहते. ३,२१,५०,३१,७५० ला २ ने एकदाच भाग जातो, उरते १,६०,७५,१५,८७५ ही विषम संख्या. त्यामुळे इथे पायरी एकच: आधाराचा १,६०,७५,१५,८७५ वा घात घ्या, बाकी +१ किंवा −१ आली तर उत्तीर्ण. −१ म्हणजे भाजकाहून एकाने कमी अशी बाकी.

आता तिन्ही अवयव वेगवेगळे पाहू. १५०, ७५० आणि २८,३५० या तिघांनाही २ ने एकदाच भाग जातो. त्यामुळे तो मोठा घातांक ७५, ३७५ आणि १४,१७५ या तिघांच्याही विषम पटीत बसतो. परिणाम असा की कोणताही सहमूळ आधार घेतला तरी प्रत्येक अवयवापुढे त्या घाताची बाकी +१ किंवा −१ यांपैकीच एक येते. एखाद्या वर्गसंख्येला त्या अवयवाने भागून आधाराइतकी बाकी उरत असेल तर +१, तशी एकही वर्गसंख्या नसेल तर −१. तिन्ही अवयवांकडे एकच चिन्ह आलं की पूर्ण संख्येपुढेही तेच चिन्ह येतं आणि कसोटी फसते. चिन्हं वेगळी आली की बिंग फुटतं.

१५१, ७५१, २८,३५१ या क्रमाने चिन्हं अशी येतात:

आधार २: + + +
आधार ३: − − −
आधार ५: + + +
आधार ७: − − −
आधार ११: + − −

पहिल्या चार ओळी पाहिल्या तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण काही क्षण थांबला होता. आमच्या चारही आधारांवर तिन्ही अवयव एकमुखाने बोलतात. ११ वर मात्र १५१ फुटून निघतो. ते डोळ्यांनीही पाहता येतं: ३९ चा वर्ग १,५२१, आणि १,५२१ ला १५१ ने भागलं की बाकी ११. म्हणून १५१ च्या दृष्टीने ११ हा वर्ग आहे, इतर दोघांच्या दृष्टीने नाही.

११ चा उपयोग एवढ्यावर थांबत नाही. ११ च्या त्या घातातून १ वजा करा आणि आलेल्या संख्येचा ३,२१,५०,३१,७५१ शी महत्तम सामाईक विभाजक काढा. उत्तर थेट १५१ येतं. त्याच घातात १ मिळवून तसंच केलं तर २,१२,९१,६०१. खोटेपणा उघड करणाऱ्या आधारानेच अवयवही हातात दिले.

किती आधार या संख्येला खोटी साक्ष देतात हेही मोजता येतं. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ संख्या १५० × ७५० × २८,३५० = ३,१८,९३,७५,०००. त्यांपैकी तिन्ही चिन्हं सारखी येणारे आधार नेमके एक चतुर्थांश, म्हणजे ७९,७३,४३,७५०. राबिनने दाखवलेली कमाल मर्यादाही एक चतुर्थांशाचीच. याहून जास्त फसवी संयुक्त संख्या या बाबतीत असूच शकत नाही.

समोर आलेले पर्याय

कारण कळल्यावर बैठक झाली.

प्रोग्रॅमरचा प्रस्ताव होता की ही एक संख्या अपवाद म्हणून प्रोग्रॅममध्ये लिहून टाकावी. ऐकायला हे पळवाटीसारखं वाटतं, पण गणिताच्या दृष्टीने त्याला भक्कम आधार होता. पॉमेरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्ये २५ अब्जांपर्यंतच्या अशा फसव्या संख्या शोधून काढल्या. २, ३, ५, ७ या चारही आधारांना फसवणारी संख्या त्या सगळ्या पट्ट्यात एकच आहे, आणि ती हीच. म्हणजे अपवाद लिहिला असता तर कोश आमच्या मर्यादेत निर्दोष झाला असता.

दुसऱ्याने सुचवलं की सुरुवातीची गाळणी १०० ऐवजी २०० पर्यंत न्यावी. त्यानेही १५१ पकडला गेला असता. मला हा पर्याय अपवादापेक्षा वाईट वाटला. अपवादात निदान संख्या उघडपणे लिहिलेली असते. इथे सगळा बचाव १५१ वर उभा राहिला असता आणि तसं कुठेही नोंदलेलं नसतं. उद्या कोणी वेग वाढवायला गाळणी पुन्हा १०० वर आणली की चूक परत.

आधार ६ वाढवावा, असंही एक मत आलं. वरच्या चिन्हांकडे पाहिलं की हे कुचकामी का ते लगेच कळतं. ६ चं चिन्ह म्हणजे २ आणि ३ च्या चिन्हांचा गुणाकार. दोन्हीकडे तिन्ही चिन्हं सारखी असतील तर गुणाकारातही सारखीच राहणार. ६, १०, १४, १५ हे सगळे आधार या संख्येला हसतहसत पास करतात. नवा आधार घ्यायचा तर तो नवी मूळ संख्याच हवा.

दर वेळी आधार यदृच्छेने निवडावेत, या कल्पनेवर फार चर्चा झाली नाही. या संख्येशी सहमूळ असलेला कोणताही आधार तिला एक चतुर्थांश शक्यतेने पास करतो, तेव्हा चार आधारांत फसण्याची शक्यता साधारण २५६ मध्ये एक राहते. कोशात आज एक आणि उद्या दुसरं उत्तर येणं आम्हाला चालणारच नव्हतं.

कसोटी काढूनच टाकावी आणि चाळणीचा निकाल साठवून ठेवावा, हा पर्याय मला मनापासून आवडत होता. फक्त विषम संख्यांसाठी एकेक बिट ठेवला तर २ चा ३१ वा घात इतके बिट, म्हणजे २५६ मेगाबाइट. आजच्या संगणकाला हे ओझं नाही. पण कोशाची मर्यादा पुढे वाढवायची होती आणि मर्यादेबरोबर साठाही त्याच पटीत वाढत जातो.

उरले दोन गंभीर उमेदवार. येश्केने १९९३ मध्ये दाखवलं की २, ७ आणि ६१ हे तीनच आधार ४,७५,९१,२३,१४१ च्या आतल्या प्रत्येक संख्येचा बरोबर निकाल देतात. ही सीमा आमच्या मर्यादेच्या पुढे आहे, आणि चाराऐवजी तीन आधार म्हणजे वेगही जास्त. दुसरा उमेदवार म्हणजे आहेत त्या चारांत ११ जोडणं. मग पहिली फसवी संख्या येते २१,५२,३०,२८,९८,७४७ वर.

निर्णय आणि अंमल

गटातल्या बहुतेकांचा कल २, ७, ६१ कडे होता. तीन आधारांत काम होत असताना पाच कशाला, हा प्रश्न रास्त होता.

मी दोन गोष्टी मांडल्या. एक, जादा आधारांचा खर्च दिसतो त्यापेक्षा बराच कमी आहे. संयुक्त संख्या जवळजवळ सगळ्या गाळणीत किंवा आधार २ वरच बाद होतात. पाचही आधार फक्त मूळ संख्यांना सोसावे लागतात, आणि या पट्ट्यात साधारण एकवीस संख्यांमागे एक मूळ. दोन, ४,७५,९१,२३,१४१ ही सीमा आमच्या मर्यादेच्या जेमतेम अकरा टक्के पुढे आहे. ती संख्या म्हणजे ४८,७८१ × ९७,५६१. यात १०० च्या किंवा १,००० च्या आतला अवयवही नाही, म्हणजे कोणतीही छोटी गाळणी तिला अडवणार नव्हती. पुढच्या टप्प्यात मर्यादा एक लाख कोटींवर न्यायचं आधीच ठरलं होतं. आज २, ७, ६१ घेतले असते तर त्याच टप्प्यावर अगदी हाच प्रसंग पुन्हा ओढवला असता. ११ जोडल्यावर मिळणारी सीमा दोन लाख कोटींच्या पलीकडे जाते.

संपादकांनी ११ च्या बाजूने कौल दिला, पण एका अटीवर: सीमा टिपेत लिहून भागणार नाही, ती प्रोग्रॅमने पाळली पाहिजे. म्हणून कसोटीच्या दाराशीच एक तपासणी बसवली. २१,५२,३०,२८,९८,७४७ किंवा त्याहून मोठी संख्या आली तर उत्तर द्यायचंच नाही. ‘पुरेसे’ हा शब्द काढला आणि त्या जागी नेमका आकडा आला.

शिवाय चाचणीच्या संचात फसव्या संख्या मुद्दाम घातल्या. २,०४७ म्हणजे २३ × ८९, आधार २ ला फसवणारी सर्वांत लहान. १३,७३,६५३ म्हणजे ८२९ × १,६५७, आधार २ आणि ३ ला एकदम फसवणारी. २,५३,२६,००१ म्हणजे २,२५१ × ११,२५१, ती ५ लाही फसवते. आणि चौथी आमची. आधीच्या संचात मोठमोठ्या मूळ संख्या होत्या, सहज ओळखू येणाऱ्या संयुक्त संख्या होत्या. कसोटीला खरोखर नडणारी एकही नव्हती.

परिणाम

नव्या कसोटीने मोजणी २०,३२,८०,२२१ वर आली. पण एकूण आकडा जुळणं म्हणजे यादी जुळणं नव्हे. एक संख्या चुकून आत आली आणि दुसरी चुकून बाहेर गेली तर बेरीज तीच राहते. म्हणून संपूर्ण मर्यादेवर चाळणी चालवून दोन्ही याद्या संख्येगणिक ताडल्या. एकही फरक निघाला नाही.

३,२१,५०,३१,७५१ च्या पानावर जवळपास सगळंच बदललं. विभाजक २ ऐवजी ८ झाले: १, १५१, ७५१, २८,३५१, १,१३,४०१, ४२,८१,००१, २,१२,९१,६०१ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज ३,२१,५०,३१,७५२ होती, ती ३,२४,०७,४७,००८ झाली. सहमूळ संख्यांची गणती ३,२१,५०,३१,७५० वरून ३,१८,९३,७५,००० वर आली.

पडसाद त्या पानापुरते नव्हते. आसपासच्या संख्यांच्या पानांवर ‘पुढची मूळ संख्या’ किंवा ‘आधीची मूळ संख्या’ म्हणून हीच दिलेली होती, ते सगळे रकाने पुन्हा भरावे लागले. आणि हिच्यापासून मर्यादेपर्यंतच्या चार कोटींहून अधिक मूळ संख्यांचे क्रमांक एकाने मागे सरकवावे लागले.

काय वेगळं करता आलं असतं

गुणाकाराच्या संशयात गेलेला वेळ वाचवता आला असता. फरक जास्तीचा आहे की कमतरतेचा, हा प्रश्न आम्ही पहिल्याच बैठकीत विचारला असता तर तो रस्ता तिथेच बंद झाला असता. सीमेचा आकडा योगायोगाने तीन अब्जांजवळ पडला आणि त्या जुळण्याला आम्ही गरजेपेक्षा जास्त वजन दिलं. जुळणारा आकडा आणि कारण यांत अंतर असतं, ते तपासायला दिशेचा प्रश्न पुरेसा होता.

तीन अब्ज, चार अब्ज असे टप्पे पाडून पट्टा अरुंद करण्याचीही गरज नव्हती, असं आता वाटतं. पूर्ण चाळणी शेवटी चालवावीच लागली. ती सुरुवातीलाच चालवली असती तर संख्या थेट हाती आली असती. टप्पे पाडण्याचा फायदा एकच झाला, गुणाकाराविरुद्धचा युक्तिवाद तपासायला ते आकडे उपयोगी पडले.

मर्यादा वाढवताना प्रोग्रॅमचा कोणता भाग कोणत्या मर्यादेवर विसंबून आहे याची यादी करायला हवी होती. अशी यादी केली असती तर ‘चार आधार पुरेसे’ ही ओळ डोळ्यांत भरली असती. प्रोग्रॅमरने जागेचा, गुणाकाराचा, वेगाचा विचार केला होता. गणिती विधानालाही मर्यादा असते, हे मात्र कोणाच्याच मनात आलं नाही.

एक लाख कोटींच्याही पुढच्या टप्प्याबद्दल, म्हणजे २ च्या ६४ व्या घातापर्यंत जायचं झालं तर काय, यावर गटात अजून एकमत नाही. संपादकांना २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या आधार म्हणून हव्या आहेत, कारण त्या मर्यादेपर्यंत त्या पुरतात हे सिद्ध झालं आहे. मला आधार २ ची मिलर-राबिन कसोटी आणि लुकासची कसोटी यांची जोडी बरी वाटते. २ च्या ६४ व्या घातापर्यंत तीही पडताळून झाली आहे, आणि त्यापलीकडेही तिला फसवणारी एकही संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही. निर्णय होईपर्यंत दाराशी बसवलेली सीमा आहे तशीच राहील आणि तिच्यापुढच्या संख्येला कोश ‘मूळ की संयुक्त’ याचं उत्तर देणार नाही.